काट्यावरचे मोरोपंत

मोरोपंत मी किलोवर विकत घेतले. 2004 च्या मे महिन्यात, बारामतीतल्या एका रद्दीच्या दुकानात, पाच रुपये किलोनं. गेलो होतो मुलीच्या जुन्या वह्या आणि वर्षभराची वर्तमानपत्रं घालायला. माझी रद्दी त्या तराजूवर जरा जास्तच हलकी भरत होती. काटा बघणं हा माझा धंदाच, त्यामुळे न राहवून म्हणालो, "पासंग आहे तुझ्या तराजूला." तो हसला. वाद नको म्हणून कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यातलं काय पाहिजे ते उचला दादा, घेतलं त्या भावात देतो."

ढिगात सुतळीनं बांधलेली तीन जाडजूड पुस्तकं होती. कव्हरं गेलेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. वरचं पान उलटलं तर 'केकावलि', खाली बारीक टाइपात टीका. बाकीची दोन म्हणजे 'आर्याभारता'तली काही पर्वं. तिन्ही मिळून दोन किलो तीनशे ग्रॅम भरली. साडेअकरा झाले, बारा दिले.

का घेतली, हे त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं. शाळेत रोज सकाळी प्रार्थनेला केकावलीतला एक श्लोक म्हणायचो. तोंडपाठ होता, अजून आहे. ज्यानं तो लिहिला तो माणूस आमच्याच तालुक्याच्या गावात, कऱ्हेच्या काठी चाळीस वर्षं राहिला, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर गुणांच्या हिशेबात ते बसत नसल्यानं मी ऐकलं नव्हतं. पंतांच्या स्मारकावरून मात्र नोकरीला लागल्यापासून शेकडो वेळा सायकल मारली होती.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यावर काटा क्लार्क होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही; सगळ्या कारखान्यांचा काटा सारखाच. हंगामी नोकरी. दिवाळीच्या आगेमागे मोळी पडली की पाच महिने पाळ्या: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. गाळप संपलं की रिटेन्शनवर घरी. पण 2003–04 चा हंगाम हंगाम म्हणावा असा झालाच नाही. एक तर पाऊस नव्हता, त्यात 2002 पासून उसावर लोकरी मावा आलेला. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लोकर चिकटल्यासारखी, खालच्या पानांवर काळी बुरशी, फडात शिरलं की अंगावर पीठ पडल्यासारखं व्हायचं. शेतकी खात्याची माणसं मावा खाणाऱ्या मित्रअळ्या डब्यांतून वाटत हिंडत होती. गाळप लवकर आटोपलं आणि मी फेब्रुवारीपासून घरी बसलो. अशा रिकाम्या उन्हाळ्यात माणूस पत्ते खेळतो, नाहीतर राजकारण करतो. दोन्हीत मी कच्चा.

पुस्तकं घरी आणून पुसून ठेवली आणि पहिली आर्या वाचायला घेतली. काहीही कळलं नाही. म्हणजे मराठी आहे एवढं कळलं. क्रियापद शोधायला दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, वाटेत पाच-पाच शब्दांचे समास आडवे पडलेले. वा. गो. आपट्यांचा 'शब्दरत्नाकर' गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात होता, पण कोश घरी नेऊ देत नाहीत. मग अडलेले शब्द चिठ्ठीवर लिहून न्यायचे, संध्याकाळी पाच ते सात तिथं बसून अर्थ उतरवायचे, घरी येऊन परत आर्येला भिडायचं. आठ दिवसांत अकरा आर्या झाल्या. शाळेतल्या गुरुजींनी कधी असं काम दिलं असतं तर मी शाळाच सोडली असती.

सुटका झाली ती वजनामुळे. ग्रंथपाल पोरगेलेसे होते, मराठी घेऊन बी. ए. झालेले. ते म्हणाले, "अर्थ राहू द्या हो, आधी मात्रा मोजा." ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघू, एक मात्रा. दीर्घ म्हणजे गुरू, दोन मात्रा. ऱ्हस्वाच्या पुढं जोडाक्षर आलं आणि आघात पडला की तेही दोनाचं होतं. आर्येत पहिल्या चरणात बारा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात परत बारा, चौथ्यात पंधरा; आणि पंतांच्या बहुतेक आर्या खरं म्हणजे 'गीती', म्हणजे चौथ्यातही अठराच. दर चार मात्रांचा एक गण. मी घरी जाऊन मोजल्या. बारा. अठरा. बारा. अठरा. पुढची आर्या, परत तेच. पन्नास आर्या तपासल्या. जिथं चूक वाटली तिथं ती माझ्या मोजण्यात निघाली. दहा वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटलं असेल! आमच्याकडे वैधमापनवाले येऊन वजनं ठेवून काटा तपासून जातात, तरी आठ दिवसांनी शेतकरी संशय घेतोच. इथं दोनशे वर्षांत काटा एका मात्रेनंही हलला नव्हता.

मग मला खूळच लागलं. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसलो की पाट्या मोजायच्या. बारामती सात. इंदापूरही सात; दोन्ही तालुके एका वजनाचे, हे ऐकून दोन्हीकडचे पुढारी नाराज होतील. काटेवाडी आठ, बेलवाडी सात, लासुर्णे सहा आणि अंथुर्णेही सहा. एकदा भवानीनगरच्या पुढं लक्षात आलं की 'काटेवाडी सणसर' हा आर्येचा अस्सल पहिला चरण आहे: काटे, वाडी, सणसर, चार-चार-चार. पुढच्या अठरा मात्रांसाठी आठवडा गेला. त्यातल्या तिसऱ्या गणाला एक कडक नियम आहे, तिथं मधलं अक्षरच जड लागतं किंवा चारही हलकी. शेवटी निमगावनंच सोडवलं. 'काटेवाडी सणसर, मागुन निमगाव केतकी येते.' 'व केत' हा गण नेमका जिथं पडायला हवा तिथं पडला. 'मागून'मधला ऊ ऱ्हस्व करावा लागला, पण तेवढं पंतही करतात. ही माझी आयुष्यातली एकमेव कविता. उत्तरार्ध अजून व्हायचाय.

पुढे माधव ज्युलियनांच्या 'छंदोरचने'ची 1937 ची वाढवलेली आवृत्ती वाचनालयानं पुण्याहून मागवून दिली. पुस्तक छान आहे, पण माझ्यासारख्यानं ते मधूनमधूनच वाचावं. सगळं वाचायला गेलो असतो तर मोजणंच सुटलं असतं. केकावलीचं वृत्त पृथ्वी, सतरा अक्षरांचं, एवढं त्यातून पक्कं झालं आणि मी परत पंतांकडे आलो.

माणूस कोण होता हे मी उशिरा शोधलं. आधी पुस्तक, मग माणूस, असा उलटा क्रम झाला. शिकवणारं कुणी असतं तर सरळ झाला असता. जन्म 1729, पन्हाळ्याचा. वाढले तिथंच, शिकलेही तिथंच. ऐन उमेदीत बारामतीला आले ते बाबूजी नाइकांच्या आश्रयाला. वाड्यात पुराण सांगायचं, मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. 1794 मध्ये इथंच गेले. म्हणजे तेही नोकरदारच. एवढं कळल्यावर माझी भीड जरा चेपली. महाभारताची अठराही पर्वं आर्येत घालणारा माणूस सकाळी उठून दुसऱ्याच्या वाड्यात जायचा, कुणाच्या तरी पोराचं पाठांतर घ्यायचा, सणावाराला शेला-पागोट्याची वाट बघायचा. नाइकांचा वाडा आहे त्या बाजूला एका रविवारी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. नदीला पाणी नव्हतं. वेड्या बाभळी आणि प्लास्टिक.

पंतांनी एकशेआठ रामायणं रचली असं म्हणतात, प्रत्येकाची काहीतरी वेगळी खोड. त्यातलं एक 'निरोष्ठ', म्हणजे ओठ न लावता म्हणायचं: प, फ, ब, भ, म वर्ज्य. रात्रपाळीला गाड्या थांबल्या की मी ओठांत काडी धरून हा खेळ करायचो. बोलताना ओठ मिटले की काडी हलते. मग लक्षात आलं की या रामायणात रामाचंच नाव घेता येत नाही. आणि पंतांना स्वतःचं नावही नाही आणि गावाचंही नाही. 'बारामती'त ब आणि म दोन्ही. याला कवित्व म्हणायचं की कसरत? माझं मत विचाराल तर बरीचशी कसरतच आहे. पण ऊस भरलेली गाडी गव्हाणीला मागून लावणारा चांगला गाडीवान पाहिलाय का कधी? तीही कसरतच असते, आणि बघत राहावंसं वाटतं.

राम जोशींची गोष्ट मला शांतारामांच्या 1947 च्या सिनेमामुळे ऐकून माहीत होती. सोलापूरचा लावण्या करणारा शाहीर पुढं कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या गावोगाव गात सुटला. पुस्तकं छापली जायच्या आधी त्या आर्या लोकांपर्यंत पोचल्या त्या अशा, गळ्यातून. हे वाचलं तेव्हा त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं.

हंगाम सुरू झाला तसं पुस्तक काट्यावर आलं. आता काट्याचं काम कसं असतं ते सांगतो. गाडी चढली की आकडा आधी नाचतो. बैल मान हलवतात, जू हलतं, आकडा दहा-वीस किलोनं खालीवर होतो. गाडीवान उतरलाय का, कुणी कडेला पाय देऊन उभं नाही ना, हे खिडकीतून बघायचं. आकडा स्थिरावला की मोठ्यानं म्हणायचा, लिहायचा. चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, गट, लागण की खोडवा, जात शहाऐंशी-शून्य-बत्तीस की दोनशे पासष्ट. गाडी गव्हाणीला जाऊन मोकळी होऊन आली की रिकामं वजन. भरलेल्यातून रिकामं गेलं की राहील तो ऊस. या दोन आकड्यांवर कुणाच्या तरी पोरीचं लग्न, कुणाची विहीर उभी असते, म्हणून काट्यावरच्या माणसाशी सगळे गोड बोलतात आणि त्याच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही.

पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला. डोक्यात आर्या चालू होती आणि एका गाडीचं रिकामं वजन दुसरीच्या चिठ्ठीवर लिहिलं. म्हाताऱ्या गाडीवानानं चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी केली. वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. "भाऊसाहेब, माझी गाडी एवढी जड न्हाई. तीन साल वढतोय तिला." चूक दुरुस्त केली, रजिस्टरला तशी सही केली, वरिष्ठांचं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून काट्यावर चाक असेपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, असं ठरवून टाकलं. ते शेवटपर्यंत पाळलं.

आणखी एका हंगामातली जानेवारीची रात्र. बॉयलरची ट्यूब गेली आणि कारखाना उभा राहिला. यार्डात शे-दीडशे बैलगाड्या, मागे ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत. बैल सोडून बांधलेले, पुढ्यात वाढं टाकलेलं. गाडीवानांनी पाचट पेटवून शेकोट्या केल्या. मला बारा ते आठची पाळी, वजनाला काही नाही, म्हणून आर्याभारतातलं सभापर्व काढून पुटपुटत बसलो होतो. टोळ्या बहुतेक बीडकडच्या. त्यातली एक बाई पाण्याची कळशी घेऊन खिडकीशी आली. तिशीचीही नसेल. काखेला पोर.

"काय वाचताय भाऊ, पोथी का?"

"पोथीच म्हणा."

"मंग मोठ्यानं वाचा की. आमीबी आयकतो."

मी वाचू लागलो. चालीवर, मात्रा सांभाळून, दहा-बारा आर्या. शेकोटीजवळचे चार-पाच जण सरकून बसले. माझा आवाज बरा लागला होता आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. थांबलो तर सगळे गप्प.

"ही कुठली भाषा म्हनायची?" बाईनं विचारलं.

"मराठीच आहे ताई."

"मंग मराठीत सांगा की!"

हसले सगळे. मीही हसलो, आणि सांगायला लागलो. द्यूताचा डाव, शकुनीचे फासे, एकेक करून गेलेलं राज्य, मग भाऊ. धर्मराज स्वतःला हरला, मग त्यानं द्रौपदीला लावलं आणि तीही गेली. दूत बोलवायला आला तेव्हा तिनं उलट निरोप धाडला, की आधी सभेला विचारून ये.

"काय इचारलं?"

"की राजा आधी स्वतःला हरला, का मला?"

"आधी सोताला, आसंच म्हनला न्हवं तुमी?"

"हो."

"मंग सोता हरल्यावर त्याच्याकडं व्हतंच काय लावाया?"

भल्याभल्यांना सभेत अडवून धरणारा हा प्रश्न तिनं कळशी खाली ठेवेपर्यंत सोडवला. मी म्हणालो, अगदी हाच मुद्दा आहे. ती शेकोटीकडे बघत म्हणाली, "आमच्यात उचल ह्येंनी घेतली. मुकादमाच्या कागदावर आंगठा ह्येंचा. फेडायची दोघांनी. मला कोन इचारलं?" शेकोटीपलीकडून तिचा नवरा म्हणाला, "गप ए." पण त्याच्या आवाजात राग नव्हता. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई म्हणजे अर्धा कोयता. एक म्हातारा विचारायला लागला की मग सभेतल्या मोठ्या माणसांनी काय निकाल दिला. भीष्मानं सरळ उत्तर दिलं नाही, धर्म बारीक असतो म्हणाला, असं मी सांगितलं. "म्हंजी हापिसावानीच," म्हातारा म्हणाला, आणि परत हशा झाला. या वेळचा हशा माझ्यावर होता. पुढचं सांगायच्या आत कुणाचा तरी बैल सुटला आणि सगळे उठले.

पहाटे भोंगा झाला, गव्हाण फिरायला लागली. पाळी संपल्यावर मी घरी न जाता कँटीनमध्ये बसून त्याच आर्या परत काढल्या. रात्री सांगताना मी तीन ठिकाणी अडखळलो होतो आणि थाप मारून पुढं गेलो होतो. ती तिन्ही ठिकाणं बघितली. तिन्हीकडे मला मात्रा बिनचूक कळल्या होत्या आणि अर्थ कळलाच नव्हता. दीड वर्ष मी पंतांचं नुसतं भरलेलं वजन करत होतो. आता कोश घेऊन ओळीनं बसलो. रात्रीच्या सांगण्यात काय सुटलं ते बघत बघत सभापर्व पहिल्यापासून वाचलं, तेव्हा कुठं त्या माणसाची खरी करामत दिसायला लागली: केवढी मोठी भांडणं तो तीस मात्रांत मावतील इतकी आवळतो, आणि आवळताना बोलणाऱ्याचा राग जराही कमी होऊ देत नाही.

पुढच्या हंगामासाठी मी वनपर्व आणि विराटपर्व सांगण्याइतकं तयार करून ठेवलं होतं. पण त्या मुकादमानं दुसऱ्या कारखान्याची उचल घेतली. ती टोळी परत आमच्याकडे आली नाही.

तुकोबा माझ्याकडे नंतर आले, हेही उलटंच. पालखी आमच्या दारावरून जाते. काटेवाडीला परटांनी घातलेल्या धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. आषाढात कारखाना बंद, म्हणून मी दरवर्षी मोकळाच असायचो. अभंग कानावर इतके पडले होते की वाचायची गरज आहे असं कधी वाटलंच नाही. सरकारनं 1950 साली छापलेल्या गाथेची एक प्रत मिळाली तेव्हा पहिल्या अभंगापासून ओळीनं सुरुवात केली. साडेचार हजारांवर अभंग. भजनात येतात ते शे-दोनशे. बाकीच्यांत वेगळाच माणूस भेटतो. वाणी माणूस: माप, तूट, उधारी, भांडवल हे शब्द त्याच्या तोंडी सहज. दुष्काळात बायको गेलेली, दुकान बुडालेलं. आणि कर्जाच्या खतांतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिल्याची ती गोष्ट. लहानपणी ती ऐकली तेव्हा वाटायचं, संत माणूस, सोडली. आता मी रजिस्टरं सांभाळणारा माणूस. वसुलीचा कागद पाण्यात सोडताना हाताला काय वाटलं असेल, ते मला कळतं. पंतांना मी मानतो. तुकोबांचं पुस्तक मात्र उशाशी असतं, हे सांगून टाकलेलं बरं.

फुल्यांचं 'समग्र वाङ्मय' साहित्य संस्कृती मंडळाचं, स्वस्तात मिळालं. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चं, आमचा नीरा डावा कालवा 1885 चा. ऐन हंगामात वाचलं, आणि वाचताना खुर्चीत नीट बसता येईना. त्यात शेतकऱ्याला नाडणारा जो कारकून आहे त्याच्या हातात दौत-टाक आहे, माझ्या हातात बॉलपेन. मी जिरायती भागातल्या शेतकऱ्याचा पोरगा. पण खिडकीच्या आत बसलो की बाहेरून मी तसा दिसत नाही. त्याच आठवड्यात एका शेतकऱ्यानं काट्यावर येऊन मला काटामार म्हणून शिव्या घातल्या होत्या. त्याचं वजन बरोबर होतं. मी ते त्याला दोनदा करून दाखवलं. तरीही त्याचं सगळंच चुकलं होतं असं, असूड वाचल्यावर, मला म्हणवेना.

पंत आणि फुले माझ्या एकाच फळीवर कित्येक वर्षं शेजारी उभे होते. पुढं एका जाणकारांनी घरी आल्यावर ती फळी पाहिली आणि म्हणाले, "हे बरे एकत्र नांदतात!" तेव्हा मला भांडण कळलं. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांच्या कवितेची बाजू लढवली आणि त्याच लेखणीनं फुल्यांच्या पुस्तकांची टर उडवली. 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा फुल्यांनी जायला नकार दिला. ज्यांच्या लिहिण्यात आपल्या दुःखाला जागा नाही त्यांच्यात बसून काय करायचं, असा त्याचा रोख. कॉलेजात शिकलो असतो तर यातला एकच कुणीतरी माझ्या वाट्याला आला असता आणि दुसऱ्याबद्दल मत आधीच तयार झालं असतं. मला दोघंही कळायच्या आधीच आवडून गेले होते. आता फळी बदलायला मी तयार नाही.

बाकीचं भराभर सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तीन दिवसांत संपली. इतकं खळखळून हसवणारं पुस्तक 'अभिजात' म्हणून कुणी का सांगत नाही? 'बनगरवाडी' वाचताना आमच्या जिरायती गावचे मेंढके दिसले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली यमू मला रडवून गेली, ते बायकोनं पाहिलं आणि नंतर ते पुस्तक तिनंच ठेवून घेतलं. ज्ञानेश्वरी तीनदा सुरू केली. तिन्ही वेळा सहाव्या अध्यायात बसकण मारली. 'गाथासप्तशती'चं नाव ऐकून मोठ्या हौसेनं आणली, पण ती प्राकृत माझ्या आवाक्याबाहेरची निघाली, भाषांतरावर भागवलं. रशियन कादंबऱ्या मराठीत वाचल्या; नावं पाठ होईपर्यंत माणसं मरून जातात.

आता लेखापरीक्षणाची गोष्ट सांगून थांबतो. मात्रा मोजायला कागद लागतो आणि काट्यावर कागद म्हणजे चिठ्ठ्यांची स्थळप्रत. रात्रपाळीला मी त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर खुणा करायचो: लघूला वाटीसारखी चंद्रकोर, गुरूला आडवी रेघ, चार मात्रा झाल्या की उभा दंडा. असं तीन-चार हंगाम चाललं. एके वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांना एका गठ्ठ्यात हे सापडलं. चंद्रकोरी, रेघा, दंडे, कडेला 12, 18, 12, 18. चिठ्ठी शेतकऱ्याच्या नावाची, पुढं वजन, मागं गुप्त लिपी. काटामारीची सांकेतिक नोंद असणार, अशी त्यांची खात्री झाली. बारा-अठरा म्हणजे टनामागे किती किलो, हे ते मला विचारत होते.

मला केबिनमध्ये बोलावलं. कार्यकारी संचालक, मुख्य शेतकी अधिकारी, चीफ अकाउंटंट, सगळे बसलेले. घशाला कोरड पडली. मी म्हणालो, "साहेब, या आर्या आहेत."

"कोण आर्या?"

मग उभ्यानं त्यांना लघू-गुरू समजावून सांगितलं. साहेबांनी एक चिठ्ठी पुढं केली: ही वाचून दाखवा. खुणांवरून आर्या ओळखायची म्हणजे नुसत्या वजनावरून ऊस कुणाचा ते सांगण्यासारखं. पण नशीब, कडेला मी पर्वाचा आणि आर्येचा आकडा घातला होता. पिशवीतून पुस्तक काढलं, ती आर्या शोधली, एकेक अक्षरावर बोट ठेवून म्हटली. साहेब चिठ्ठीवरच्या खुणांशी ताडून बघत होते. पहिला चरण जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्यात ते म्हणाले, "थांबा, इथं तुम्ही रेघ केलीय, अक्षर तर ऱ्हस्व आहे." मी म्हणालो, "पुढं जोडाक्षर आहे साहेब." त्यांनी परत पाहिलं, मान डोलावली आणि आणखी दोन चिठ्ठ्या काढल्या. त्याही जुळल्या. सहीचं पेन उघडता उघडता त्यांनी विचारलं की हे पंत म्हणजे आपल्या बारामतीचेच ना, आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागले.

अहवालात शेरा आला: 'वजन चिठ्ठ्यांच्या मागील बाजूस कामकाजाशी असंबद्ध खुणा आढळल्या. संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा घेतला. खुलासा समाधानकारक. यापुढे त्यासाठी स्वतंत्र कागद वापरावा.' त्या पानाची झेरॉक्स मी सभापर्वात ठेवली आहे. कागद तेव्हापासून स्वतःचा वापरतो.